सरांचा लॅपटॉप दिवसाच का झोपायचा?

तक्रार अशी होती. लॅपटॉप चालू असताना मधेच स्क्रीन काळी होते. दिवसा होते, रात्री होत नाही. एक्सेल उघडलं की होते, यूट्यूबवर कीर्तन ऐकताना होत नाही. सर बसले की होते, काकू बसल्या की होत नाही. आणि दुरुस्तीच्या दुकानात नेला की अजिबात होत नाही.

असं काही ऐकलं की दुकानदार गालातल्या गालात हसतात आणि घरचे म्हणतात, "तुमचंच काहीतरी चुकत असेल." मला मात्र अशी तक्रार आली की बरं वाटतं. "कधीकधी बंद पडतो" एवढंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाताशी काहीच नसतं. "अमुक वेळी पडतो आणि तमुक वेळी पडत नाही" असं सांगणारा माणूस निम्मं काम आधीच करून आलेला असतो. सरांनी तर वहीच ठेवली होती. तारीख, वेळ, त्या वेळी काय उघडलं होतं, पुन्हा चालू कसा झाला, असे रकाने आखून. सर गणित शिकवायचे, मीही त्यांच्याकडेच शिकले. निवृत्तीनंतर ते आमच्या साताऱ्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीचे खजिनदार झाले, आणि पावत्या, देखभालीची थकबाकी, पाण्याच्या टँकरचा हिशेब हे सगळं त्या लॅपटॉपवर असायचं. मी संगणकाचा क्लास चालवते. दुरुस्ती हा काही माझा धंदा नाही, पण क्लास चालवणारीला लोक डॉक्टरच समजतात.

लॅपटॉप साधा, पंधरा इंची, उजवीकडे आकड्यांची वेगळी पट्टी असलेला. विंडोज १०, आत हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. अजून म्हातारा म्हणावा असाही नाही.

आधी काय काय होऊन गेलं होतं

वहीत पहिली नोंद होळीनंतरची होती. त्यामुळे पहिला संशय उन्हावर गेला, आणि तो वाईट नव्हता. दिवसा बंद पडतो, रात्री पडत नाही, सुरुवात उन्हाळ्याच्या तोंडावर. कोणीही गरमीच म्हणेल. पंखेवाला स्टँड आला. दुकानात लॅपटॉप उघडून आतला पंखा साफ झाला, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली. फरक शून्य. मग पाऊस सुरू झाला. आषाढात साताऱ्याला दुपारी अंगावर शाल घ्यावीशी वाटते, तरी लॅपटॉप भर दुपारी काळा व्हायचाच. उन्हाचा मुद्दा खरं तर तिथंच निकालात निघायला हवा होता.

दुसरा संशय एक्सेलवर. मुलगा पुण्यात असतो. त्यानं तिकडून रिमोटनं ऑफिस काढून पुन्हा टाकलं, सरांची फाईल स्वतःच्या मशीनवर चालवून पाहिली. तिथं ती बिनबोभाट चालली.

तिसरा संशय शेजाऱ्यांचा: दिवसा सगळीकडे मोटारी चालू असतात, व्होल्टेज खाली येतं. लॅपटॉपच्या बाबतीत हा संशय फार टिकत नाही. त्याचा अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो आणि वर बॅटरी असतेच. तरी घरात स्टॅबिलायझर आला. आता तो फ्रिजला लावला आहे.

शेवटी दुकानवाल्यानं लॅपटॉप ठेवून घेतला. रॅम काढून पुसून बसवली, विंडोज नव्याने टाकलं, निरीक्षणासाठी चालू ठेवला. एकदाही काळा झाला नाही. घरी आल्यावर पहिल्याच दुपारी झाला. पुन्हा नेल्यावर दुकानवाल्यानं विंडोजच्या नोंदी पाहिल्या, त्यात एक लाल खुणेची नोंद सापडली आणि त्यानं निर्णय दिला: मदरबोर्ड. अंदाजपत्रकाचा आकडा नव्या लॅपटॉपच्या निम्म्यावर जात होता. तो कागद घेऊन सरांनी मला फोन केला. "अगं, हे पटत नाही. बोर्ड बिघडला असेल तर त्याला रात्र झालेली कशी कळते?"

सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच होता.

"बंद पडतो" म्हणजे काय होतं?

मी गेले तेव्हा लॅपटॉपला हात लावायच्या आधी वही वाचली आणि सरांना विचारलं.

"सर, बंद पडतो म्हणजे नक्की काय होतं?"

"स्क्रीन काळी."

"पंख्याचा आवाज?"

"तोही थांबतो."

"मग तुम्ही काय करता?"

"बटन दाबतो. कधी येतो, कधी येत नाही. कधी मी बटनापर्यंत पोचायच्या आत आपला आपणच येतो. नाहीच आला तर बटन दाबून धरतो."

"आल्यावर एक्सेलची शीट समोर असते की पुन्हा उघडावी लागते?"

सरांनी वहीची पानं चाळली. "एका दाबात आला किंवा आपोआप आला, तर शीट होती तशी. दाबून धरून चालू केला, तर सगळं पहिल्यापासून."

या उत्तरात निदानाचा मोठा भाग येऊन गेला होता. मशीन खरोखर बंद पडलं असतं तर शीट तशीच राहिली नसती. गरम झाल्यामुळे लॅपटॉप स्वतःला तोडतो तेव्हा तो पुरता तुटतो, जतन न केलेलं जातं आणि विंडोज मुळापासून सुरू होतं. वीज गेली, बोर्ड रुसला, रॅम सैल झाली, तरी हेच. उघडलेली शीट जशीच्या तशी परत येते ती मशीन झोपेतून उठलं तर. लॅपटॉप बंद पडत नव्हता, झोपत होता. आणि झोपणं हा बिघाड नाही, ते आज्ञापालन आहे. कोणीतरी त्याला झोपायला सांगत होतं.

घरात, दुकानात, फोनवर, सगळीकडे "बंद पडतो" हाच शब्द फिरत राहिल्यामुळे सगळे बंद पडण्याची कारणं शोधत होते.

नोंदवहीत काय होतं

विंडोज स्वतःची डायरी ठेवतं. स्टार्टच्या खुणेवर उजवं क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडायचं, विंडोज लॉग्ज, मग सिस्टीम. तिथं हजारो ओळी असतात आणि त्यात लाल-पिवळ्या खुणाही भरपूर, अगदी ठणठणीत मशीनवरसुद्धा. म्हणून नुसतं लाल काय आहे ते पाहू नये. ज्या मिनिटाला घटना घडली ते मिनिट पाहावं. सरांच्या वहीत मिनिटं होती, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. नव्याने विंडोज टाकल्यामुळे जुन्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या, पण नंतरच्याही पुरेशा होत्या.

दुकानवाल्याला सापडलेली लाल नोंद कर्नल-पॉवर ४१ होती. ही नोंद नावाजलेली आहे आणि तिचा अर्थ लावताना लोक हमखास घसरतात. ती एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ती पंचनाम्यासारखी असते: कुलूप तुटलेलं आढळलं एवढंच त्यात लिहिलेलं असतं, कोणी तोडलं ते नाही. मात्र याच नोंदीच्या तपशिलाच्या टॅबमध्ये आणखी काही रकाने असतात. बगचेक कोड शून्य असेल, तर विंडोज स्वतःहून कोसळलेलं नाही. आणि पॉवर बटन टाइमस्टॅम्प या रकान्यात शून्याऐवजी लांबलचक आकडा असेल, तर कोणीतरी बटन दाबून धरलं होतं. इथं बगचेक शून्य होता आणि टाइमस्टॅम्पमध्ये आकडा होता. म्हणजे ती ४१ सरांच्याच अंगठ्याची होती. मदरबोर्डचं अंदाजपत्रक त्या अंगठ्यावर उभं होतं.

खरी गोष्ट प्रत्येक ४१ च्या जरा आधी होती, लाल खूण नसलेल्या साध्या ओळीत. कर्नल-पॉवर ४२: सिस्टीम झोपेत जात आहे. त्याखाली कारण दिलेलं असतं. मशीन बराच वेळ नुसतं पडून असेल तर 'सिस्टीम आयडल'. इथं प्रत्येक वेळी लिहिलं होतं, 'बटन ऑर लिड'. बटन किंवा झाकण. त्यानंतर काही सेकंदांत पॉवर-ट्रबलशूटरची नोंद क्रमांक १, मशीन जागं झाल्याची. झोप, जाग. झोप, जाग, पुन्हा झोप. काही ठिकाणी हा खेळ पाठोपाठ होता.

(अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये झोपेची पद्धत वेगळी आहे, तिला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. तिथं ४२ ऐवजी ५०६ क्रमांकाची नोंद पाहायची आणि जागं झाल्याची ५०७. ५०६ मध्ये कारण आणखी स्वच्छ असतं, झाकण आणि पॉवर बटन वेगवेगळे लिहिलेले.)

"कधी बटन दाबून येतो, कधी येत नाही" याचाही उलगडा इथंच झाला. स्क्रीन काळी होते, सर दचकून हात उचलतात, लॅपटॉप आपोआप जागा व्हायला लागतो. तेवढ्यात सर बटन दाबतात. जाग्या मशीनवर बटनाचा अर्थ 'झोप' असा ठरवलेला असतो, म्हणून तो पुन्हा झोपतो. मग सर वैतागून बटन दाबून धरतात आणि ४१ नोंदली जाते. तिन्ही प्रकार एकाच घटनेचे होते. फरक फक्त सरांचा हात किती लवकर बटनापर्यंत पोचला याचा.

आता प्रश्न एवढाच उरला: बटन की झाकण?

प्रयोग

हे वेगळं करायला काहीच उघडावं लागत नाही. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्सखाली बटन दाबल्यावर काय करायचं आणि झाकण मिटल्यावर काय करायचं हे स्वतंत्रपणे ठरवता येतं. मी आधी फक्त बटनाची आज्ञा 'काहीही करू नको' अशी केली. एका वेळी एकच बदल, हा नियम मी क्लासमधल्या मुलांना घोकायला लावते. सर हिशेबाला बसले. थोड्या वेळात लॅपटॉप झोपला. बटन सुटलं.

मग बटन पूर्ववत केलं आणि झाकणाची आज्ञा 'काहीही करू नको' केली. जोडीला लॅपटॉपवर एक नाट्यगीत लावून दिलं, आवाज मोठा. सर पुन्हा पावत्या घालायला लागले. गाणं रंगात आलं असताना स्क्रीन काळी झाली. गाणं चालूच.

"आवाज तर येतोय," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

येणारच. लॅपटॉपला झाकण मिटल्यासारखं वाटलं होतं. झाकण मिटल्यावर झोपायचं नाही, हे आम्ही त्याला नुकतंच सांगितलं होतं. पण मिटलेल्या झाकणाआडची स्क्रीन उजळत ठेवण्यात अर्थ नसतो, तेवढी तो विझवतोच. लॅपटॉप पूर्ण जागा होता, फक्त आपलं झाकण बंद आहे अशी त्याची ठाम समजूत होती. आणि झाकण तर आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर सताड उघडं होतं.

"सर, हात आहेत तिथंच ठेवा. उचलू नका."

स्क्रीन काळीच राहिली. उजवा हात आकड्यांच्या पट्टीवर होता. डावा हात कीबोर्डच्या खालच्या कडेला टेकलेला, त्या हातात पावत्यांचा गठ्ठा.

"आता फक्त उजवा उचला." काही नाही.

"डावा उचला." स्क्रीन लागली. डावा टेकला, विझली. उचलला, लागली. सरांनीच मग ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं, शाळेतल्या प्रयोगशाळेत मुलं एकच स्विच दाबत राहतात तसं त्यांचं चाललं होतं, तोंडावर हसू. मी त्याच जागी माझा डावा हात टेकला. काहीच झालं नाही. काकूंना बोलावलं, त्यांचाही हात टेकवला. बांगड्यांसकट. तरीही नाही.

"सर, मनगटात काय आहे?"

स्टीलचं ब्रेसलेट होतं. प्रत्येक कडीत एक काळी गोल टिकली. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत एक जण दाखवायला घेऊन आला होता, होळीच्या आसपास. रक्तदाब आटोक्यात राहतो, रक्ताभिसरण सुधारतं, असं त्यानं सांगितलं. डाव्याच हातात घालायचं, सकाळी अंघोळीनंतर घालायचं आणि रात्री जेवणाआधी काढून ठेवायचं. सर नियमाचे पक्के. त्यांनी ते तसंच पाळलं.

वहीतले सगळे रकाने मग एका ओळीत येऊन बसले. दिवसा होतं, कारण ब्रेसलेट दिवसा हातात असतं. होळीनंतर सुरू झालं, कारण ऊन आणि ब्रेसलेट बरोबरच आलं. एक्सेलमध्ये होतं, कारण आकडे भरताना उजवा हात पट्टीवर आणि डावा रिकामा टेकलेला असतो. कीर्तन ऐकताना सर मागे रेलून बसतात, हात लॅपटॉपपाशी नसतातच. काकूंच्या हातात सोनं आणि काच. दुकानात लॅपटॉप दुकानातला मुलगा चालवतो, सर काउंटरच्या अलीकडे उभे. सरांचं एकही निरीक्षण खोटं नव्हतं. खोटी ठरली ती त्यावर इतरांनी चढवलेली कारणं. गिऱ्हाइकाचं निदान खुशाल बाजूला ठेवावं, पण त्याचं निरीक्षण कधी टाकू नये, हे माझं मत या प्रकरणानंतर अधिकच घट्ट झालं आहे.

लॅपटॉपला झाकण कसं कळतं

जुन्या लॅपटॉपमध्ये बिजागरीपाशी एक बारीक खुंटी असायची. झाकण मिटलं की ती दाबली जायची. खुंटीत धूळ जायची, ती अडकायची. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये असं काही दिसत नाही, कारण ते काम चुंबकावर सोपवलेलं असतं. स्क्रीनच्या चौकटीत एक छोटा चुंबक लपवलेला असतो आणि त्याच्या बरोबर समोर, खालच्या भागात, तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर. झाकण मिटलं की चुंबक सेन्सरवर येतो, सेन्सर 'मिटलं' असा निरोप देतो. घासणारं, झिजणारं काही नाही.

या सेन्सरमागचं तत्त्व एडविन हॉल या विद्यार्थ्याला १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सापडलं. काचेवर चिकटवलेल्या सोन्याच्या वर्खातून त्यानं वीज सोडली, वर्खाला चुंबकीय क्षेत्रात धरलं आणि वर्खाच्या आडव्या बाजूंमध्ये किंचित विद्युतदाब तयार होतो हे मोजून दाखवलं. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून अठरा वर्षं होती. तोच परिणाम आज गाडीच्या चाकाचा वेग मोजतो, बिनब्रशच्या मोटारी फिरवतो आणि लॅपटॉपचं झाकण राखतो.

अडचण अशी की सेन्सरला फक्त चुंबक कळतो. तो झाकणातला की मनगटातला, हे कळायची सोय त्यात नाही. आपल्याकडे पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला असतं. त्यानं झाकणाचा सेन्सर हलत नाही, त्याला काही मिलिटेस्ला, म्हणजे त्याच्या कित्येक पट जास्त लागतं. पण १९८० च्या दशकात निओडिमियमचे चुंबक निघाल्यापासून हरभऱ्याएवढ्या टिकलीतही तेवढी ताकद सहज मावते. शिवाय चुंबकाचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्यानं ओसरतं. अंतर दुप्पट केलं की जोर साधारण आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून मनगट दोन-तीन बोटं बाजूला सरकलं तरी लॅपटॉप शांत, आणि बरोबर त्या जागी टेकलं की अंधार. सर रोज एकाच प्रकारे बसत असूनही कधी व्हायचं, कधी नाही, त्याचं कारण हे.

खात्रीसाठी मी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. बहुतेक मोबाइलमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो. ब्रेसलेटजवळ नेल्यावर सुई गरगर फिरली. मग स्क्रीनच्या चौकटीवरून मोबाइल हळूहळू फिरवला, तर डाव्या बाजूला वर एका जागी सुई पुन्हा झुकली. झाकणातला चुंबक तिथं होता. झाकण मिटल्यावर तो जिथं टेकतो, तीच सरांच्या मनगटाची जागा.

जाता जाता: चुंबक मोजणाऱ्या यंत्राला शेजार कसा त्रास देतो याचं मोठं उदाहरण आपल्याकडेच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, त्या विजेनं मोजणी बिघडणार म्हणून हे काम अलिबागला हलवलं गेलं. तिथली चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी यंत्र बदललं नाही, शेजार बदलला.

इथंही तेच करायचं होतं.

काय बदललं आणि काय बदललं नाही

झाकणाची आज्ञा मी 'झोप' अशी पूर्ववत करून ठेवली. 'काहीही करू नको' ही आज्ञा प्रयोगापुरती ठीक, पण तशीच राहिली तर लॅपटॉप मिटून पिशवीत घातल्यावर आत चालूच राहतो, तापतो आणि बॅटरी संपवतो. इंटरनेटवर या तक्रारीला नेमका हाच 'उपाय' सुचवलेला दिसतो, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. सेन्सरची वायर काढून टाका असंही काही जण सांगतात. चांगला चाललेला सेन्सर मारायचं कारण मला दिसत नाही.

हिशेबाला बसताना ब्रेसलेट काढून ठेवायचं, एवढंच ठरलं. ते लॅपटॉपच्या शेजारी नाही, कपाटात.

सरांची पुढची काळजी साहजिक होती: इतके महिने चुंबक असा टेकत होता, आतला हिशेब खराब झाला नसेल ना? नाही. एसएसडीमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते, तिथं चुंबकत्वाचा संबंध नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये माहिती चुंबकीय असते खरी, पण अशा डिस्कच्या आत, तबकड्यांच्या शेजारीच, तिचा हात हलवणारे चांगले तगडे निओडिमियम चुंबक बसवलेले असतात. मनगटातल्या टिकल्यांनी तिचं काही बिघडत नाही. खरी जपायची गोष्ट दुसरीच. बँकेच्या कार्डावरची मागची काळी पट्टी चुंबकीय असते आणि जोरदार चुंबकाजवळ ती खराब होऊ शकते. कार्डावरच्या चिपला मात्र काही होत नाही.

आणि रक्तदाबाचं? सर त्यांच्या डॉक्टरांच्या गोळ्या नियमित घेतात, त्या थांबवू नका एवढंच मी म्हटलं. ब्रेसलेटनं रक्तदाब उतरतो याला आधार नाही. सांधेदुखीच्या बाबतीत तर नीट चाचणी झालेली आहे: ब्रिटनमध्ये यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या ७० रुग्णांना आळीपाळीनं चुंबकाचे खरे पट्टे, नकली पट्टे आणि तांब्याची कडी घालायला दिली. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खऱ्या पट्ट्यांचा नकलीपेक्षा अधिक उपयोग आढळला नाही. सरांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पैसे गेलेच आहेत, आता दागिना म्हणून घालतो."

या घटनेनंतर माझ्याकडे अशाच आणखी तक्रारी आल्या आणि कारण लवकर सापडलं. एका मुलीचा लॅपटॉप तिच्या भावाच्या मिटलेल्या लॅपटॉपवर ठेवला की झोपायचा. खालच्याच्या झाकणातला चुंबक वरच्याच्या सेन्सरखाली येत होता. एकीचा टॅब पर्सच्या चुंबकी बटनाला लागला की विझायचा. चुंबकानं मिटणारे घड्याळाचे पट्टे, मोबाइलची फ्लिप कव्हरं, इअरबडच्या डब्या, पाठीवर चुंबकाचं कडं असलेले मोबाइल, चष्म्याच्या पेट्या, सगळ्यांत तोच माल आहे. लॅपटॉपशेजारी आपण हल्ली नेमकं हेच सगळं ठेवतो. तुमचा लॅपटॉप मधेच झोपत असेल तर आधी ४२ किंवा ५०६ मधलं कारण वाचा. झाकण लिहिलेलं असेल तर टेबल रिकामं करा, मनगटं रिकामी करा, आणि मग वापरून पाहा. रिकाम्या टेबलावर, रिकाम्या हातांनीही तसंच होत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर खरोखर बिघडलेली असू शकते. तेव्हा दुकान गाठावं, पण मदरबोर्डचं बोलणं निघण्याआधी सेन्सर तपासायला सांगावं.

सरांनी मात्र वेगळाच धागा पकडला. त्या सभेत ब्रेसलेट घेणारे ते एकटे नव्हते, आणि संघातल्या एकांना पेसमेकर बसवलेला आहे. जोरदार चुंबक पेसमेकरच्या अगदी जवळ आला तर त्याची नेहमीची चाल बदलू शकते. डॉक्टर तपासणीच्या वेळी मुद्दाम चुंबक धरून तसं करतातही. छातीत असं यंत्र असेल तर मोबाइल आणि स्मार्टवॉचसुद्धा सहा इंच दूर ठेवा, असा सल्ला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२१ मध्ये दिला आहे. दुपारी छातीवर हात ठेवून झोपायची सवय कोणाला नसते? मी तिथून निघायच्या आधीच सरांनी त्या गृहस्थांना फोन लावला. "ते ब्रेसलेट आत्ता काढा, आणि उद्या डॉक्टरांना विचारून घ्या," एवढं सांगून मग ते सोसायटीच्या थकबाकीकडे वळले.